डाव्या दाराची पट्टी

३ फेब्रु., सोम.
गंगाखेडचे मंडपवाले गाडी बघून गेले. आमच्या यांनी जुन्या जीपवर पत्रा ठोकून केलेली, बिनटपाची, इंग्रजी थाटाची लग्नाची गाडी. अख्खं ताडकळस तिला व्हिंटेज म्हणतंय. इंजिन पसंत पडलं. पण दारावरच्या पट्ट्यांची झिलई गेली, त्या बदला, रविवारी घेऊन जातो म्हणले. भावजींनी लगेच मान डोलावली. दीर हाय, मालक न्हाई, एवढं तरी ध्यानात ठेवावं माणसानं.
मालकाला विचारलं. "विकायची का?" "हो." "ठेवायची का?" "हो."
अर्धांगाचा झटका आल्यापासून एवढा एकच शब्द उरलाय. चहा पाहिजे, हो. नको, तरी हो. मी काय समजावं?
यांच्या मनातलं कळल्याबिगर गाडी द्यायची न्हाई. ठरलं.

५, बुध.
मी अंगणवाडीतून आले अन् पेचकस घेऊन बसले. एवढी वर्षं हत्यारं यांच्या हातात देत आले, चालवलं कधीच न्हाई. अंगठा सोलला. दोन्ही पट्ट्या निघाल्या. डावी कोणती, उजवी कोणती, खूण करायचीच राहिली! काय म्हणावं मला.
हे खुर्चीतून बघायले होते. राग आला का? हो. न्हाई ना आला? हो. डोक्याचा नुसता भुगा.

७, शुक्र.
भावजींनी परभणीहून नव्या पट्ट्या आणल्या. एक भोक जुळंल तर शपथ. यांनी टेप कधी लावलीच न्हाई, सगळी भोकं वितीनं मोजून. डाव्या दाराचं माप वेगळं, उजव्याचं वेगळं.
भावजी म्हणले, पत्र्याला नवी भोकं पाडू. उठले तर यांनी चांगल्या हातानं त्यांची बाही धरली. सोडेचनात. भावजींना वाटलं, पाणी मागायलेत. मला वाटलं

जाऊ द्या. मला वाटून काय उपयोग.

८, शनि.
जुन्याच पट्ट्या राखेनं घासल्या. बऱ्या दिसायल्यात. यांची खुर्ची डाव्या दाराला लावली. हे चांगल्या हातानं वीत टाकत गेले, प्रत्येक भोकावर बोट थांबायचं. एक पट्टी धरली तर बोटानं बाजूला सारली, दुसरी धरली तर हात तिच्यावरच ठेवला. बसली की बरोबर! लय दिवसांनी तोंडावर तेज दिसलं.
पण हे कशासाठी? काम नीट करून द्यावं म्हणून, का देऊच नये म्हणून? बाई, मला खरंच कळंना झालंय. गाडी गेली तर दिवसभर बघतील काय हे? अन् ठेवली तर चालवणार कोण?

९, रवि.
सकाळीच उजवी पट्टी बसवली. डाव्या पट्टीचे स्क्रू आवळत आणले. शेवटचा एक सापडेना. खुर्चीखाली बघितलं, पदर झटकला. मग दिसलं, यांच्या मुठीत हाय.
"द्या की." "हो." मूठ उघडंना.
"देऊ नका मग." "हो." मूठ तशीच.
बोटं सोडवता आली असती. सोडवली न्हाईत. तिथंच भुईवर बसले अन् रडू आलं. यांनी तीच मूठ माझ्या डोक्यावर ठेवली.
आत्ताच भावजींचा फोन. मंडपवाले निघालेत. मी म्हणलं, येऊ द्या, चहा टाकते. पण काम अजून एका स्क्रूचं राहिलंय.