स्वेटरच्या खिशातली चिठ्ठी

परीक्षा मंडळाच्या बाईंना, हॉबर्ट स्पर्लॉकचा नमस्कार.

माझी मुलगी लॉरेल मंगळवारी तुमच्या केंद्रात संगणकावर बालरोगाच्या वरिष्ठ नर्सची परीक्षा देत होती. आत गारठा, म्हणून मधल्या सुट्टीत तिनं गाडीतला स्वेटर घेतला. परत जाताना दारावर खिसे उलटे केले, तर चिठ्ठी निघाली. आत कागदाचा कपटाही न्यायला बंदी, म्हणून आता निकाल अडकलाय.

चिठ्ठी मीच लिहून ठेवली होती, त्यात फक्त प्रार्थना आहे. आमच्या केंटकीच्या डोंगरात खाणीत उतरणाऱ्याच्या खिशात घरचं माणूस प्रार्थना लिहून ठेवतं. एकतीस वर्षं मी ती घेऊन उतरलो आणि जिवंत वर आलो.

दारावरच्या माणसानं विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मीच," ती म्हणाली.

गाडीत मी चिडलो, "खोटं का बोललीस गं?"

"डॅडी, पोस्टमन आला तरी तुमची छाती धडधडते. तुम्हाला चौकशीला बसवलं असतं तर?"

बाई, चिठ्ठीचं अक्षर या पत्राशी ताडून बघा. चुकासुद्धा त्याच आहेत. पण पत्र पाठवलं तर माझी पोर खोटारडी ठरते, नाही पाठवलं तर कॉपी करणारी चोर. सकाळपासून हे पत्र घेऊन तीनदा टपालपेटीपर्यंत जाऊन आलो; या ओळी परत आल्यावर जोडतोय. पत्र पुन्हा खिशातच जातंय.

लॉरेलचा बाप,
हॉबर्ट