हर्णैचा उपकार

॥ श्री ॥

मु. शिरड शहापूर,
पौष शुद्ध पंचमी, शके १८६७

किसनराव यांस,

अनुसयाचा नमस्कार. आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत. कुरुंद्याला तुमच्याकडंही सगळे बरे असतील असं धरून चालते. तुमची हळद काढायला आली असेल. आमच्या ज्वारीत हुरडा भरलाय, पाखरं राखायला पुंजाजी भावजी जातात.

तुमचं पत्र पोचलं. भावजींनी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, त्यामुळं शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही ऐकलं. तुम्ही माझ्या जिवनला तुमच्या पोरासाठी, ज्ञानबासाठी मागितलंय. 'आठ वर्षं तुझं कुंकू माझ्यामुळं राहिलं, त्याची जाण ठेव,' असंही लिहिलंय. भावजी दोनदा वाचून म्हणाले, "वहिनी, खरं हाय. असा उपकार फेडायला लागतोच."

पोरीच्या बापाला जाऊन अजून वर्ष झालं नाही. श्रावणात ताप आला आणि पोळ्याच्या आधी माणूस गेला. पोरगी चौदाची आहे. ज्ञानबा तिच्या दुप्पट वयाचा, आणि त्याची पहिली बायको माहेरी बसून आहे. ती मोडका हात घेऊन गेली असं ऐकलं. पाय घसरून पडली असं तुम्ही सांगता, तसंच असेल.

तेव्हा हे राहू द्या. एवढंच लिहायचं होतं.

अनुसया

पौष वद्य द्वितीया

वरचं पत्र टाकायला माणूस मिळाला नाही आणि तुम्ही तर उत्तराची वाटही पाहिली नाही. परवा शालूबाईंना साडी-नारळ देऊन बैलगाडीनं पाठवलंत. बायको पाठवली म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही, असं वाटलं असेल. आता पहिल्यापासून लिहिते.

आठ वर्षांमागं समुद्राला जायची हौस तुमची होती. तुम्ही, हे आणि पुनमचंदशेठ, तिघांची लहानपणापासूनची दोस्ती. शेठच्या ओळखीच्या नारळाच्या व्यापाऱ्याचं हर्णैला रिकामं घर होतं. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन होईल असं सांगून शालूबाईंना आणि मला सोबत घेतलं. आगगाडीनं मुंबईपर्यंत, मग बोटीनं. बोट धक्क्याला लागत नाही, माणसांना होडीत उतरवतात, तेव्हा शालूबाई डोळे मिटून माझा दंड धरून बसल्या होत्या. तुम्ही हसत होता.

आम्ही जन्मात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. जिवन सहा वर्षांची, ओंजळ भरून प्याली आणि थू थू करत पळाली. हे म्हणाले, "एवढं पाणी, अन् वावराच्या कामाचं थेंबभर न्हाई." पहिले दिवस बरे गेले. नारळ घातलेली भाजी, तांदळाची भाकरी. ह्यांना तांदळानं पोट भरल्यासारखं वाटेना, म्हणून मी गावाहून नेलेलं ज्वारीचं पीठ काढलं. तेव्हाही तुम्ही बोललात, "रामकिशन, तू समुद्रावर आला तरी शिरडातच बसून राहिला."

दोस्तीत चालतं, असं हे मला म्हणायचे. मी तेव्हाच ओळखलं होतं की तुम्हाला दोस्त नको होता, खाली बघायला माणूस हवा होता.

त्या दिवशी दुपारी पुनमचंदशेठ जेवून घरी झोपले होते. वाळूवर आपण चौघं आणि जिवन. जाळं वाळवणाऱ्या एका कोळ्यानं जाता जाता सांगितलं की ओहोटी लागलीय, आता उतरू नका. तुम्ही त्याच्या पाठीमागं हसलात. मग ह्यांना म्हणालात, "चल, त्या होडीला हात लावून येऊ. का बायकोच्या पदराआड बसतो?"

ह्यांना विहिरीत चार हात मारता यायचे, तेवढंच. मी म्हटलं, "नका जाऊ." त्यामुळंच गेले. नवऱ्याला बायकोनं दोस्तासमोर नको म्हटलं की तो जातो, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

होडीपर्यंत कोणीच पोचलं नाही. पाणी दोघांनाही आत ओढायला लागलं. ह्यांचं डोकं खाली गेलं, वर आलं, आणि ह्यांनी तुमचा खांदा धरला. तुम्ही वळलात. ह्यांच्या छातीवर पाय ठेवलात आणि लाथ मारून मोकळे झालात. पाणी निवळ होतं, ऊन होतं, मी काठावर उभी होते.

तुम्ही एकटे बाहेर आलात. धोतर पिळलंत. शालूबाई म्हणाल्या, "अहो, जा ना." तुम्ही म्हणालात, "तो गेला."

माझं माहेर सिद्धेश्वरजवळ, पूर्णेच्या काठचं. भरल्या नदीत म्हशींच्या मागं पोहत मी मोठी झाले. पोरीला शालूबाईंकडं ढकललं, कासोटा आवळला आणि शिरले. नदी एकाच दिशेला ओढते, समुद्राचं तसं नाही, हे आत गेल्यावर कळलं. ह्यांची शेंडी हाताला लागली ती धरली. सरळ काठाकडं येता येईना, तेव्हा आडवी निघाले आणि दूर खडकांपाशी लागले. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापले. त्याच्या खुणा अजून आहेत.

ह्यांनी पाणी ओकलं. डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारलं सांगू? "कोणी पाहिलं?"

तेवढ्यात तुम्ही काठानं तिथवर आलात आणि आरडाओरडा ऐकून पुनमचंदशेठही धावत आले. हे काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "काढला बाबा मी कसाबसा." ओले तुम्हीही होता, मीही होते. शेठनी तुम्हाला मिठी मारली. माझ्याकडं कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याची लाथ मला ठाऊक, तुला ठाऊक. पण गावात काय सांगू, बायकोनं ओढून काढलं? लोक हसतील. अन् भ्यालेला माणूस हातपाय झाडतोच." त्यांनी तुम्हाला मनातून माफ केलं होतं. माझा त्यांच्यावरही राग आहे, पण तो माझा आणि त्यांचा हिशेब. त्यात तुम्ही नाही.

माफी मिळालेला माणूस निदान गप्प बसतो. तुम्ही बसला नाहीत. पहिल्या वर्षी गोष्टीत लाट होती. पुढं त्यात सुसर आली. बाजारात, लग्नात, पंगतीत, हे शेजारी बसलेले असताना तुम्ही सांगायचात आणि हे मान हलवायचे. दर भाऊबीजेला तुम्ही पाटावर बसलात आणि मी ओवाळलं, कारण लोक म्हणायचे, असा भाऊ कोणाला मिळतो. तुमच्या तोंडाकडं बघायला नको म्हणून मी दिव्याकडं बघायची.

ह्यांच्या तेराव्याला तुम्ही चारचौघांत म्हणालात, "एकदा मी वाचवलं, दुसऱ्यांदा देवापुढं इलाज चालला न्हाई. आता हे घर माझं." तेव्हाच मला कळलं की तुम्ही मागायला येणार. घराला मुलगा नाही. पोरगी जिकडं जाईल तिकडं वावर जाईल.

परवा ओसरीवर भावजी होते, गल्लीतली चार वडील माणसं होती, पायरीशी तुमचा गाडीवान बसला होता. शालूबाईंनी साडी-नारळ पुढं ठेवला. भावजी मला म्हणाले, "घ्या, वहिनी." मी म्हटलं, घेणार नाही. का, म्हणून त्यांनी विचारलं. वर लिहिलं ते सगळं मी उभ्यानं सांगितलं.

भावजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "दादा मेला, आता साक्ष द्यायला कोण हाय? काहून आळ घेता भल्या माणसावर? पोरगी द्यायची न्हाई तर न्हाई म्हणा, पण असं बोलू नका." एक म्हातारा म्हणाला, "बाईमाणूस समुद्रात शिरलं म्हणे." सगळे हसले. दाराआड जिवन उभी होती, ती ऐकत होती.

मग भावजींनी तुमच्या बायकोला विचारलं. "तुमी होत्या तिथं. बराबर सांगा, काय झालं?"

शालूबाई बराच वेळ साडीची घडी नीट करत राहिल्या. मला वाटलं, त्यांना घरी परत जायचंय, त्या काय बोलणार. मी माझ्या मनात त्यांना आधीच मोकळं केलं होतं.

त्या म्हणाल्या, "लाथ मारली. म्या पाहिली. पोरीचे डोळे म्या झाकले होते, माझे उघडे होते."

कोणी हसलं नाही. भावजी उठून वावरात निघून गेले आणि दिवस मावळेपर्यंत आले नाहीत. आल्यावर साडी-नारळ त्यांनी आपल्या हातानं तुमच्या गाडीत ठेवला.

शालूबाईंना मी म्हटलं, इथंच राहा. त्या म्हणाल्या, "माझं घर तिकडं हाय, मी काहून सोडू?" त्या आज निघतात. हे पत्र त्यांच्याच हाती देते. ते उघडंच आहे, त्यांना वाचता येत नाही म्हणून जिवननं त्यांना वाचून दाखवलं. एकही शब्द बदलू नको म्हणाल्या.

आता माझं ऐका. ज्ञानबाच्या बायकोचा पाय जसा घसरला तसा तुमच्या घरात शालूबाईंचा पाय घसरता कामा नये. दर बाजाराला आमचा माणूस कुरुंद्याला येईल आणि त्यांना डोळ्यांनी बघून परत फिरेल. भावजींनी स्वतः जायचं कबूल केलंय. एखाद्या बाजाराला त्या दिसल्या नाहीत, तर मी येईन. तुमच्या मारुतीच्या पारावर भर दुपारी बसेन आणि हर्णैची गोष्ट पहिल्यापासून सांगेन. मला सांगता येते, हे तुमच्या गाडीवानाला विचारा.

आमच्या दारात येऊ नका. ह्यांच्या वर्षश्राद्धालाही येऊ नका.

ज्याला तुम्ही समुद्रात सोडून आलात, त्या रामकिशनची बायको,
अनुसया