लाल फुली

२३ डिसेंबर, सोमवार

“गाय असतीस तर तुला कवाच बाजार दाखवला असता.” वीस वर्षांपूर्वी नौबादच्या घरी भाकरी थापता थापता सासूबाई मला म्हणाल्या होत्या. आज हळ्ळीखेडजवळच्या या पैदास संशोधन केंद्रात पशुवैद्य म्हणून रुजू होताना ते वाक्य आठवलं आणि हसू आलं. आता कोणत्या गायीला बाजार दाखवायचा, ते मी ठरवणार.

खोली छान आहे. खिडकीबाहेर तुरीचं रान, पलीकडे कोंबड्यांच्या शेड. संचालक डॉ. प्रशांतकुमार यांच्या टेबलामागे त्यांच्याच सत्काराचे सात फोटो आहेत. म्हणाले, मॅडम, इथं दोनच जाती, भरलेली आणि रिकामी. हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवत असणार; माझ्या हसण्यासाठी थांबले होते.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी अंडी दिव्यासमोर धरायची. आत लाल शिरा दिसल्या नाहीत तर अंडं कोरं, टोपलीत टाकायचं. मग गायी. परदेशी दुधाळ जातीचे गर्भ देवणी गायींच्या पोटात ठेवून दोन महिने झालेत. हात घालून बघायचं, राहिलाय का. नसेल तर कमरेवर लाल फुली, आणि अंबाजी नावाच्या व्यापाऱ्याचा टेम्पो. तिथून पुढं गाय कुठं जाते, हे विचारायची इथं पद्धत नाही.

गोठ्यात ईरम्मा असते, गावातलीच, पन्नाशीची. कानात नंबराचे बिल्ले असताना हिनं गायींना नावं ठेवलीत. सत्तावीस नंबर म्हणजे चंद्री. चंद्रीशी कानडीत बोलते, माझ्याशी मराठीत. चंद्रीशी बोलताना जास्त आदर असतो.

३० डिसेंबर, सोमवार

आज वेळ अमावस्या, रानपूजेचा सण. सगळं गाव रानात भज्जी-उंडे खायला गेलेलं. ईरम्मा मात्र आंबिलीचं मडकं घेऊन गोठ्यात आली. गायींभोवती शिंपडायला लागली.

“आज धरणीला डोहाळं हायत, अक्का. आज कुणाच्या पोटाला रिकामं म्हणू न्हाई. एक दिवस थांबा की.”

मी म्हटलं, गायीला पंचांग कळतं का? ती म्हणाली, “गायीला कळतंय. तुमाला कामून कळंना?”

ते लागलं. अकरा गायी तपासल्या, पाच रिकाम्या निघाल्या. बारावी चंद्री. हाताला लिंबाएवढं काहीतरी लागलं होतं, नीट चाचपायला हवं होतं. पण ईरम्मा दारातून बघत होती, आणि तिचं खरं ठरावं असं मला वाटेना. हात बाहेर काढला, फुली मारली. वर सरांकडे तक्रार केली की आंबिलीनं संसर्ग होतो. सरांनी तिला उभ्या उभ्या कामावरून काढलं. तिनं शिव्या दिल्या नाहीत. पदरानं चंद्रीचं कपाळ पुसलं आणि गेली.

अडाणी बाई. ती, की मी, हे आज लिहीत नाही.

२ जानेवारी, गुरुवार

शनिवारी टेम्पो येणार. मन खात होतं म्हणून दुपारी चंद्रीला पुन्हा तपासलं. खोलवर हात गेला आणि आतून कुणीतरी माझं बोट धरलं.

वासराला खूर असतो. हे बोटांनी धरलं होतं. चार बोटं आणि एक अंगठा. घट्ट, पण दुखेल असं नाही. मूल धरतं तसं.

मी हात काढला नाही. किती वेळ, ते ठाऊक नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

फुली मारलेल्या उरलेल्या पाचही तपासल्या. प्रत्येकीच्या आत तोच हात.

सरांना सांगितलं. त्यांनी गायींना सोनोग्राफीचं यंत्र लावलं. पडद्यावर काहीच नाही. चहा पीत म्हणाले, या वयात, मूलबाळ नसलं की बायकांना असं होतं, बीदरला जाऊन दाखवून घ्या. मग परत ते दोन जातींचं वाक्य म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून. मी म्हटलं, सत्तावीसची फुली चुकीची आहे, पुसते. म्हणाले, सहा सांगितल्यात, सहाच जातील.

४ जानेवारी, शनिवार

पहाटे चंद्रीचं दावं सोडलं. ती सरळ ईरम्माच्या घराच्या वाटेला लागली.

टेम्पो पाच घेऊन गेला. पाचही माना वळवून माझ्याकडे बघत होत्या. अंबाजीनं विचारलं, सहावी? सर म्हणाले, सोमवारी देतो.

अंडी दिव्यासमोर धरली. शिरा नाहीत. कवचाला आतून टेकलेला — तळहात. एवढासा. टोपलीतल्या कोऱ्या अंड्यांतही —

५ जानेवारी, रविवार

अंघोळीला बसले तर कमरेवर लाल फुली. घासली. साबण, रॉकेल, दगड. रक्त आलं, फुली तशीच.

कुणी मारली? ब्रश तर माझ्याच कपाटात — ओला.

बेंबीखाली हात ठेवला. आतून कुणीतरी बोट — कातडीतून —

त्रेचाळीस वर्षं कुणी धरलं नव्हतं.

६ जानेवारी, सोमवार

ऊन आहे. कोंबड्या गप्प. टेम्पो गोठ्याकडे गेला नाही. माझ्या दाराकडे मागे मागे येतोय. सर बाहेर कुणाला तरी सांगतायत, रिकामीच आहे, घ्या. अंबाजी दर विचारत नाही. दाव्याची लांबी विचारतोय.

टेम्पोची मागची फळी खाली टाकली.

रिकामी नाही मी. आत आहे, धरून आहे — कोण तपासणार? मी चंद्रीला तपासलं नव्हतं.

ईरम्मा, हे पान तुझ्यापर्यंत आलं तर — तू एक दिवस मागितला होतास, मी दिला नाही. तूही देणार नाहीस, ठाऊक आहे. तरी ये. माझ्या पोटावर हात ठेव आणि यांना सांग, एक दिवस थांबा. एकच दिवस, आज कुणाच्या पोटाला —