माझ्यावाचून काय अडतं

४ सप्टेंबर
ऑफिसचा मेल. सगळ्या मॅनेजरांनी फॉर्म भरायचाय. रकाना सातवा : 'तुम्ही नसाल तर कोणतं काम अडेल?' फक्त माहितीसाठी आहे, असं एचआरच्या बाई म्हणाल्या. म्हणताना खिडकीकडे बघत होत्या. मला कसली भीती? एकवीस वर्षं काढलीत इथे. पगार असा, की मेहुण्याला खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

५ सप्टेंबर, सकाळी ११
फॉर्म उघडला. विम्याचे क्लेम खालचे लोक तपासतात, वरचे मंजूर करतात. मधे मी. मी वाचतो आणि 'पाहिलं' असा शेरा मारतो. नुसतं तेवढंच लिहिलं तर कसंतरीच दिसतं. 'समन्वय' लिहिलं. खोडलं. चहा घेतला.

७ सप्टेंबर
संकल्प : हाताशी दुसरे पर्याय हवेत. जुना बायोडेटा शोधून काढला. त्यात 'फॅक्स चालवता येतो' असं आहे. वाचूनच दमलो. उद्या नवा लिहीन.

१० सप्टेंबर
बायोडेटा राहिलाच. नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका मुलीशी फोनवर बोललो. तुम्ही नेमकं काय करता, असं तिनं तीनदा विचारलं. मग पगार विचारला आणि गप्पच झाली. भारावली असावी.

११ सप्टेंबर
मेहुण्याला सहज विचारलं, तुझ्या टाइल्सच्या दुकानात भागीदार वगैरे लागेल का. तो पोट धरून हसला. मीही हसलो, जमेल तेवढं.

१२ सप्टेंबर
झकास आयडिया! आठवडाभर रजा. 'पाहिलं' नाही म्हटल्यावर क्लेम तुंबणार, फोनवर फोन येणार, साहेबांचे डोळे उघडणार. बायको म्हणाली, अशा दिवसांत कुणी रजा घेतं का? ती शाळेत शिकवते. तिला कॉर्पोरेट कळत नाही.

१५ सप्टेंबर
रजा सुरू. फोन वाजला नाही. माणसं संकोची आहेत.

१६ सप्टेंबर
वाजला! मेहुणा होता.

१७ सप्टेंबर
बायकोच्या फोनवरून स्वतःला रिंग देऊन बघितली. फोन ठणठणीत आहे.

१९ सप्टेंबर
जीव थाऱ्यावर नाही. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो : भीती वाटते. मुलीच्या कॉलेजची तीन वर्षं बाकी आहेत, आणि मला दुसरं काहीही येत नाही. बाबा किती उसासे टाकता, असं ती म्हणाली. पाठ धरलीय म्हणून सांगितलं.

२२ सप्टेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून माझा हात हातात घेतला. ज्या क्लेमना नऊ दिवस लागायचे, ते माझ्या रजेत दोन दिवसांत सुटले म्हणे. घोडं माझ्या 'पाहिलं'पाशीच अडत होतं. कंपनीसाठी स्वतःहून बाजूला होऊन हे दाखवून देणारा माणूस आपल्याला अजून भेटला नव्हता, असं म्हणाले. डोळे पाणावले होते त्यांचे. अहो, तसं काही नव्हतं हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण एकवीस वर्षांत इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. 'कर्तव्यच ते,' असं पुटपुटलो. माझा फॉर्म त्यांनीच भरून टाकला. शुक्रवार शेवटचा दिवस.

घरी बोललो नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

२६ सप्टेंबर, संध्याकाळी ७
सांगितलं. मीच सोडली म्हणालो, कंटाळा आला होता. बायकोनं गॅस बारीक केला. मग तिनं विचारलं, निघताना कुणी थांबा म्हणालं का?

म्हणालं ना, मी म्हटलं. गेटवरचा वॉचमन. कार्ड परत द्यायचं राहिलं होतं.