लातूरचा तो कॅच

सर, शनिवार-रविवार धाराशिवला होते. तुम्ही शेवटपर्यंत उस्मानाबादच म्हणत होता, त्यामुळं हे लिहितानाही मला क्षणभर वाटलं की तुम्हाला वेगळ्याच गावाचं सांगते आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी तुमच्या स्मरणार्थ सॉफ्टबॉलची स्पर्धा घेतली. मुलींचे सहा संघ होते, आणि आमच्यासारख्या शाळा सोडून बारा-तेरा वर्षं झालेल्यांचे चार. मी माझ्या शाळेच्या मुली घेऊन गेले होते आणि जुन्यांच्या संघातून स्वतःही खेळले. दोन दिवसांत चार सामने. आज सोमवार आहे, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून लिहिते आहे. जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. उजवा खांदा वर जात नाही म्हणून फळ्यावर खालच्या अर्ध्यातच लिहिलं. पोरी हसत होत्या.

शनिवारी सकाळी लोहाऱ्याहून सहाच्या एसटीनं निघालो. चौदा मुली, दोन पोती सामान, बॅटींचं गाठोडं. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, लाकडं कुठं नेता?" आमची पिचर म्हणाली, "सरपण हाय काका, तुमच्या स्टँडवर पाणी तापवायला." तो हसला आणि पुढच्या सीटा दिल्या. मैदानावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मंडप एकच, त्यात पाहुणे. मुली भिंतीच्या सावलीला बसायच्या आणि सावली सरकेल तशा त्याही सरकायच्या. पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो. हरलेल्यांनी जेवायला जास्तच मागितलं. तुम्ही म्हणायचात ना, हरलेल्या पोरीला भूक जास्त लागते. मी ते वाक्य त्यांना ऐकवलं. कुणाचं आहे हे सांगितलं नाही. तुमची वाक्यं मी अशीच वापरते.

सर, माझ्या मुलींना मी तुमचीच पद्धत शिकवली आहे. नियमांच्या पुस्तकात ती कुठंच नाही. झेल घेतला की टप्पा पडला, पाय बेसला लागला की नाही, असा संशय आला आणि पंचाला दिसलं नसेल, तर तुम्ही मैदानात जायचात, त्या मुलीसमोर गुडघे वाकवून उभं राहायचात आणि हळू आवाजात एकदाच विचारायचात. ती जे म्हणेल ते पंचाला सांगायचात, मग ते आपल्या विरुद्ध का असेना. तालुक्याच्या एका सामन्यात आपली मुलगी बाद नसताना पंचानं बाद दिली असं आम्ही ओरडत होतो. तुम्ही तिला विचारलंत, ती म्हणाली, "न्हाय सर, बेसला पोचायच्या आधी बॉल लागला मला." तुम्ही पंचाला हात करून सांगितलंत की निर्णय बरोबर आहे. आम्ही हरलो. येताना जीपमध्ये कुणी तुमच्याशी बोलेना. तुम्ही गाडी थांबवून सगळ्यांना भजी खायला घातलीत आणि म्हणालात, "एकदाच विचारतो म्या. दुसऱ्यांदा विचारलं म्हंजे तुझ्यावर भरवसा न्हाय असं झालं की." सगळ्या विभागात पंचांना तुमची ही रीत ठाऊक होती. त्यांना दिसलं नाही की ते तुमच्याकडं बघायचे.

लातूरचा सामना मला विसरायचा होता. तिथं मात्र शनिवारी दुपारपासून सगळे मला "कॅचवाली" म्हणत होते. दहावीचं वर्ष, विभागाची अंतिम फेरी, समोर नांदेडचा संघ. शेवटचा डाव, त्यांच्या दोघी बाद, तिसरी झाली की डाव संपला, दोघी बेसवर, आणि आपण एकाच रननं पुढं. मी डाव्या बाजूला लांब उभी आहे. आदल्या आठवड्यात वडील जेवताना म्हणाले होते, "राज्यावर गेलीस तर पुढं शिक. न्हायतर बास झालं आता." राज्यस्तरावर खेळलेल्या मुलींना सोलापूरच्या एका कॉलेजात वसतिगृह मिळतं, हे तुम्हीच त्यांना घरी येऊन समजावलं होतं. आमच्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. त्यामुळं त्या मैदानावर उभी राहून मी सामन्याचा नाही, वसतिगृहाचाच विचार करत होते.

त्यांची बॅटर डावखुरी, उंच. तिनं मारलेला बॉल खाली, सपाट, माझ्या समोर पडायला येतो. मी धावते आणि अंग टाकते. धूळ. ग्लोव्ह उचलते तर बॉल आत आहे. आपल्या पोरी नाचत आल्या. त्यांच्या दोघी होमपर्यंत पळून गेल्या होत्या, म्हणजे दोन रन. झेल असेल तर आपण जिंकलो, टप्पा असेल तर त्या. पंचाच्या आणि माझ्या मध्ये आपलीच मुलगी आलेली, त्याला काही दिसलेलं नव्हतं. त्यानं तुमच्याकडं बघितलं.

तुम्ही आलात. टोपी काढून काखेत धरलीत. गुडघे वाकवलेत. "काय गं, आधी हाताला का भुईला?"

"हाताला, सर."

एवढंच. तुम्ही माझ्याकडं बघत थांबलासुद्धा नाहीत. वळून पंचाला म्हणालात, "कॅच हाय. पोरगी म्हणती म्हंजे म्याच म्हणतो." आणि ते संपलं. बॉल आधी भुईला लागला होता, सर. बोटांच्या वीतभर पुढं. भुईला लागून उडून आत आला. ग्लोव्हच्या कडेला मातीचा ओला डाग पडला होता, कारण सकाळी मैदानावर पाणी मारलं होतं. मी तो डाग पँटला पुसला तेव्हा तुमची पाठ माझ्याकडं होती.

त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही मला घरी बोलावलंत आणि तुमचा स्वतःचा ग्लोव्ह दिलात. करडईचं तेल लावून मऊ केलेला, आतल्या बाजूला तुमच्या घामानं काळा झालेला. म्हणालात, "ह्याला महिन्यातून एकदा तेल दे आणि बॉल घालून बांधून ठेव." मी वाकून नमस्कार केला. आपण राज्यावर गेलो, पहिल्याच सामन्यात हरलो, पण प्रमाणपत्र मिळालं. वसतिगृह मिळालं. पदवी झाली, बीपीएड झालं, नोकरी लागली. वडील आता गावात कुणालाही सांगतात की पोरगी मास्तरीण आहे. त्या दोन शब्दांवर हे सगळं उभं आहे. मी रोज सकाळी रांगेत उभ्या केलेल्या मुलींना खरं बोलायला सांगते आणि मनापासून सांगते. हेच मला समजत नाही. ते सांगणं खोटं असतं तर निदान माझ्या आवाजात कुठंतरी कळलं असतं.

तुम्हाला सांगायची एक वेळ आली होती. सोलापूरच्या दवाखान्यात तुम्ही होता, मी दुसऱ्या वर्षाला. काकू तुमची औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी मोसंबी सोलत होते आणि तुम्ही म्हणालात, "लातूरच्या पंचाचा फोन आला होता. अजून त्या कॅचचं बोलतो बघ." मी म्हणाले, "सर, पेपर अवघड गेला इंग्रजीचा." तुम्ही इंग्रजीबद्दल बोलत राहिलात. मी एक-एक फोड साल काढून देत राहिले. दोन आठवड्यांनी तुम्ही गेलात. याला आता नऊ वर्षं झाली.

तर शनिवारी. जेवणाच्या रांगेत मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर थाप मारली, दुखऱ्याच. "काय गं कॅचवाली, वळखलं का?" तीच उंच डावखुरी. आता तलाठी आहे, सहा वर्षांची मुलगी बरोबर, गुडघ्याला पट्टा. नांदेडहून पाच जणींना गाडीत घालून आली होती. आम्ही ताटं घेऊन भिंतीला टेकून बसलो. तिनं माझ्या ताटातली मिरची उचलली आणि म्हणाली, "तुझ्यामुळं लई शिव्या खाल्ल्या मी. आमची मॅडम म्हणली, वर मारायचा सोडून खाली कशाला मारलास."

मी हसले. दुसरं काय करणार होते.

"खरं सांगू," ती म्हणाली, "मला त्या दिवशी टप्पा दिसला होता. बॅटरला सगळ्यात आधी दिसतं. पण तुमच्या सरांनी सांगितलं म्हणल्यावर मी गप बसले. ते खोटं बोलायचे न्हाईत. मग मला वाटलं, आपल्याच डोळ्यात काहीतरी खोट हाय. वर्षभर बॅट धरली की बॉल कुठं चाललाय हेच कळंना मला. शेवटी सोडलंच."

तिनं हे असं सांगितलं जसं एखादी जुनं आजारपण सांगते. वाईट वाटून नाही. मुलगी तिच्या मांडीवर ताक सांडत होती, तिला रागवत रागवतच तिनं ते सांगितलं. माझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मुलींना बोलवायचं निमित्त करून मी उठले. दुपारी जुन्यांच्या सामन्यात मी दोन सोपे बॉल सोडले. एक तर सरळ हातात आला होता. मैदानाबाहेरून कुणीतरी ओरडलं, "कॅचवाली म्हातारी झाली रे." सगळे हसले, मीही.

रविवारी बक्षीस वाटप होतं. काकू व्यासपीठावर होत्या, पांढरी साडी, तुमचा फोटो त्यांच्या शेजारी खुर्चीवर ठेवलेला. स्पर्धा भरवणारी आपली जुनी पिचर माईकवरून म्हणाली की आता लातूरच्या त्या कॅचबद्दल जिनं तो घेतला तिच्याच तोंडून ऐकू. मला आधी सांगितलं नव्हतं. चालत जाताना वाटत होतं की हीच वेळ आहे. माईक हातात घेतला तेव्हाही वाटत होतं. समोर माझ्या चौदा मुली चपला काढून मातीत बसल्या होत्या. मी तुमच्या गुडघे वाकवण्याबद्दल बोलले, भज्यांबद्दल बोलले, लोक हसले. मग शेवटी म्हणाले, "सर एकदाच विचारायचे, कारण आम्ही खरंच सांगायचो." काकूंनी पदर डोळ्याला लावला. टाळ्या झाल्या. लातूरला मी पंधरा वर्षांची होते, सर. काल अठ्ठावीस वर्षांची होते.

मुली सामान बांधत होत्या तेव्हा ती डावखुरी पाण्याच्या टाकीपाशी पाय धूत होती. मी शेजारच्या नळावर गेले. पाय धुवायला वाकले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या डोळ्यात खोट नव्हती. टप्पाच होता."

ती पायावर पाणी घेत राहिली. मग म्हणाली, "सरांना ठाऊक होतं?"

"नाही. मी सांगितलं नाही कधी."

"मग आत्ता माईकवर का न्हाय बोललीस?"

"धाडस झालं नाही."

तिनं पट्टा काढून गुडघा धुतला, पुन्हा पट्टा बांधला. मुलीला हाक मारून चपला आणायला सांगितल्या. "त्या वर्षी मी राज्यावर गेले असते," ती म्हणाली. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटत होतं. मग ती म्हणाली, "मला सांगायला तेरा वर्षं लावलीस, हे काय बरोबर केलं न्हाईस. पण आता कुठं बोलू नको. तुझं काय न्हाय, लोक म्हणतील म्हाताऱ्यानंच लबाडी केली. सरांचं नाव जाईल. आम्ही हरलो ते त्यांच्या शब्दावर हरलो असं तरी राहू दे." तिनं मुलीचं बोट धरलं आणि गाडीकडं गेली. वळून हात केला की नाही, मी बघितलं नाही.

परतीच्या एसटीत मुली झोपल्या. माझ्या संघातल्या पिचर पोरीचं डोकं माझ्या दुखऱ्या खांद्यावर होतं आणि मी ते हलवलं नाही. शिक्षा म्हणून नाही, ती खरंच दमली होती. वाटेत मी ठरवत गेले की ती म्हणते ते बरोबर आहे. मी बोलले तर माझं फार तर चार दिवस बोलणं होईल. तुम्ही मात्र उत्तर द्यायला नाही. तुमचा शब्द म्हणजे तुमची सगळी कमाई होती, तिला माझ्यामुळं डाग का लागावा. गप्प राहणं हेच आता तुमच्यासाठी करण्यासारखं आहे. लोहाऱ्याला उतरेपर्यंत हे मला चांगलं पटलं होतं. आज सकाळी उठले तेव्हाही पटलेलं होतं.

सुट्टी संपत आली. हे पत्र हजेरीच्या पुस्तकाखाली आहे, घरी जाताना पिशवीत जाईल, आणि कुणाला दाखवणार नाही. काकूंना तर नाहीच. पण तुम्ही विचारलं असतंत तर एकच विचारलं असतंत, आधी काय आलं मनात, म्हणून तेवढं लिहिते. ती "बोलू नको" म्हणाली तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, सर. तुमचं नाव मला त्यानंतर आठवलं.