कमजोर झालेलं वादळ

२३ मे
सकाळी तहसीलचा निरोप. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, त्याचं चक्रीवादळ होण्याची शक्यता, पोलीस पाटलांनी गावाला सावध करावं. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून दोनदा सांगितलं. पारावरून उत्तर आलं, "पाटीलबाई, समुद्र कोठी अन् आपलं गाव कोठी!" सगळे खदखदून हसले. हसा लेको.

सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? आमचे धाकटे दीर, विजूभाऊ. गावाला काय नावं ठेवायची!

२४ मे
नानांना भाकरी द्यायला शेतात गेले. सासरे माझे, पण हट्टाला लहान मुलापेक्षा वरचढ. केळीचे घड तयार झाले की कापणी उरकेपर्यंत पत्र्याच्या शेडमध्येच मुक्काम. म्हटलं, घरी चला. म्हणे, "वारा पच्छिमेकडून येते. शेवरी पच्छिमेलेच लावेल आहे. माह्या बापानं लावली, उगीच लावली का?"

इथे सगळ्यांचं हेच. दरवर्षीची वावधूळ, उन्हाळ्यातलं धुळीचं वादळ, पश्चिमेकडून येते, म्हणून शेवरीचं कुंपण पश्चिमेला, हिरवी जाळी पश्चिमेला, शेडची पाठ पश्चिमेला. पूर्व सताड उघडी.

प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं सांगितलं. समुद्र तापतो, वाफ वर जाते, खाली हवा विरळ होते, मग चहूकडून हवा धावते अन् पृथ्वीच्या फिरण्यानं गोल फिरायला लागते. हे वादळ नाशिक-धुळ्यावरून आपल्याकडे आलं तर वारा आधी पूर्वेकडून. मग एकदम शांत. मग उलटा, पश्चिमेकडून. मधल्या शांततेत बाहेर पडायचं नाही.

नाना भाकरी खात राहिले. "मंग वाऱ्याले भोवरी येते का?" म्हणाले. रागच आला. हसूही आलं.

२५ मे
रात्रीत चक्रीवादळ झालं. आपल्याला नारिंगी इशारा. ह्यांचा दीपनगरहून फोन. वीज प्लँटवर सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. "नानांना घरी आण." म्हटलं, बाप तुमचा, तुम्ही सांगा. सांगितलं. नानांनी फोन कापला.

विजूभाऊंना हात जोडले. म्हणे, "वहिनी, उद्या केयीची गाडी लागनार आहे. नाना नसले तं घड कोन निवडीन?"

२६ मे, सकाळ
मनगट सुजलंय, अक्षर कसंही येतंय.

निरोप आला, वादळ काल किनाऱ्यावर चढलं, तीव्रता कमी होऊन डीप डिप्रेशन झालं. भोंग्यावर वाचत होते. "तीव्रता कमी" एवढं तोंडातून निघालं आणि विजूनं माइक हिसकावला. "ऐका हो! वादय कमजोर झालं! कापनीवाले चला, गाडी उभी आहे!" पुढची ओळ माझ्या हातातच राहिली. जोरदार वारे, शेतात थांबू नका. माइक ओढायला गेले तर मनगट पिरगाळलं. देवळात. सगळ्यांसमोर.

कमजोर म्हणे! ताशी बासष्ट किलोमीटर किंवा वर वारा गेला तर चक्रीवादळ, पन्नास ते एकसष्ट असला तर डीप डिप्रेशन. समुद्रवाल्यांसाठी उतरलं असेल. घड लागलेली केळी चाळीसच्या वाऱ्यात मोडते, हे इथलं पोरगंही सांगेल.

वारा सुटलाय. पूर्वेकडून. निघते.

२७ मे, जळगाव, दवाखाना
लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

शेतात पोचले तोवर अर्धी बाग आडवी. केळी पडताना आवाज येतो, ओलं हाड मोडल्यासारखा. तसे शेकडो आवाज, एकावर एक. शेडचे पत्रे सुटून कुऱ्हाडीसारखे फिरत होते. कापणीवाले पहिल्या झोताबरोबरच गावाकडे पळाले, ते वाचले. नाना, विजू आणि मी पाण्याच्या मोटारीच्या पक्क्या खोलीत. नाना दारातून बाग बघत होते.

मग थांबलं. एकदम. पानही हलेना.

विजू उठला. "चला नाना, उभ्या आहे त्याहिले बांबू लावू." मी ओरडले, हे मधलं आहे, आता पश्चिमेकडून येईल! नानांचा हात धरला. नानांनी सोडवला. उभी केळी दिसत असताना तो माणूस आत बसेल का! बापलेक गेले, एका बांबूची दोन टोकं धरून.

पश्चिमेकडून आला तो वारा नव्हता, धक्का होता. बापजाद्यांची शेवरी एका झटक्यात झोपली. जी केळी पूर्वेच्या वाऱ्यानं मुळापासून हलली होती ती भराभर उलट्या बाजूला कोसळली. विजूनं बांबूचं टोक सोडलं आणि पळाला. बघितलं मी. मागे वळलासुद्धा नाही. बांबू नानांच्या छातीवर बसला, ते पडले, आणि वरून शेडचा पत्रा आला. मांडीवर.

विजू खोलीत येऊन कोपऱ्यात बसला. मी थोबाडीत मारली. दिराच्या. दुसरी मारली तेव्हा उठला. दोघांनी नानांना ओढत आणलं. रक्त थांबेना. माझं लुगडं फाडून बांधलं. वारा दार ठोकत होता आणि विजू "नाना, नाना" करत होता, लहानपणी करत असेल तसा.

२८ मे
नाना शुद्धीत नाहीत. पाय वाचेल का, डॉक्टर सांगत नाहीत. हे आले. भावाच्या खांद्यावर हात ठेवून बसले. बांबू कोणी सोडला, हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

विजू दोन दिवस जिन्याखाली बसून आहे. जेवत नाही. मला त्याची कीव येते आणि ती कीव आल्याचाच राग येतो.

३० मे
दुपारी नानांनी डोळे उघडले. मला ओळखलं. पाणी मागितलं. मी रडले, लाज सोडून.

मग हळूच म्हणाले, "विज्या पयाला."
म्हटलं, बोलू नका.
"मले दिसला. त्याले माह्यासमोर आनू नको. मेलो तरी आनू नको."
डोळे मिटले.

उद्या ऑपरेशन. पाय काढावा लागेल असं दिसतं. भूल द्यायची, वय झालेलं. डॉक्टर म्हणाले, भेटायचं त्यांनी आजच भेटून घ्या. हे सही करायला गेले.

खाली गेले. विजू उठून उभा राहिला. गालावर अजून माझी बोटं, की मलाच दिसतात?

"वहिनी, नाना बोलले म्हने. माह्यं नाव घेतलं का?"

"घेतलं."

तोंड एकदम उजळलं त्याचं.

"मंग जाऊ वर?"