बॉम्ब शेल्टरमधली तोंडली

१२ मार्च २०१६, शनिवार
निर्णय झाला. यंदा गणपतीच्या मसालेभातात घरची तोंडली. टेक्काच्या बाजारातली नाही. घरची.

कारण उदात्त आहे. सासूबाई नोव्हेंबरात गेल्या. तेव्हापासून दादा, म्हणजे माझे सासरे, बोलत नाहीत आणि दोन घासांत ताटावरून उठतात. मे महिन्यात माझी बायको अनघा त्यांना संगमनेरहून इथे सिंगापूरला आणणार आहे. सासूबाईंच्या परसात तोंडलीचा मांडव होता, आणि त्यांचा मसालेभात दादा पुन्हा पुन्हा मागून घ्यायचे. म्हणजे उपाय उघड आहे. कुणाच्याच लक्षात आला नाही, माझ्या आला.

अनघाला सांगितलं. ती म्हणाली, तू मागच्या वर्षी पुदिना मारलास, पुदिना कुणाच्या हातून मरत नाही.

पुदिन्याचा विषय वेगळा होता. तेव्हा माझा सॉफ्टवेअरचा रिलीज चालू होता.

१३ मार्च
पिकलेली लाल तोंडली आणून बिया काढल्या. राखेत घोळवायच्या असतात म्हणे. सिंगापुरात राख कुठून आणणार? उदबत्तीची वापरली. कुंड्यांना मोगऱ्याचा वास येतोय.

जागा: बॉम्ब शेल्टर. सरकारने युद्धासाठी फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची खोली दिली आहे. युद्ध होत नाही, त्यामुळे सगळे तिथे बॅगा आणि तांदूळ ठेवतात. दादांना सरप्राइज द्यायचं तर लपवणं आलंच. अनघाने विचारलं, तिथे ऊन कुठून येणार? या मुद्द्यावर विचार चालू आहे.

२ एप्रिल
उगवली! पुदिन्याबद्दलचे शब्द मागे घे असं अनघाला सुचवलं. घेतले नाहीत.

११ एप्रिल, दुपार (ऑफिस)
महत्त्वाची माहिती. तोंडलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराला तोंडली धरत नाहीत. फुलं येईपर्यंत कोण कोण ते कळत नाही. मग मादी निवडायची आणि तिच्या फांद्या कापून लावायच्या. त्याला क्लोन म्हणतात. मी रोज सर्व्हर क्लोन करणारा माणूस. म्हणजे हे घरचंच कार्य.

घरात झाडं वाढवणं, नर ओळखणं, क्लोन करणं, असं सगळं एकत्र शोधलं तर एक अमेरिकन फोरम सापडला. काय माणसं आहेत! झाडाचं नावसुद्धा घेत नाहीत, नुसतं ‘माझ्या मुली’ म्हणतात. एकाने मुलींसाठी कपाटाला आतून चांदीचा कागद लावला आहे. अमेरिकेत भाजीवर इतकी माया असेल असं वाटलं नव्हतं.

१७ एप्रिल
कोलोराडोचे बिग जेक म्हणून एक सद्गृहस्थ मला हाताला धरून शिकवताहेत. त्यांच्या सांगण्यावरून जांभळा दिवा, पंखा, चांदीचा कागद. उन्हाचा प्रश्न मिटला. जेक यांनी विचारलं, वासाचं काय करतोस? म्हटलं, वास येतच नाही, आला तर मोगऱ्याचा. सगळा फोरम थक्क झाला. तिघांनी पद्धत विचारली. उदबत्ती सांगितली.

शेजारच्या गोह आंटींनी दारातून जांभळा उजेड पाहिला आणि विचारलं, नवीन देव बसवलाय का? हो म्हणालो.

१४ मे
दादा आले. वाळलेत. दिवसभर खिडकीत बसून एलआरटी बघतात. बुकित पंजांगची ही छोटी गाडी इमारतींच्या इतकी जवळून जाते, की आमच्यासमोर आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, प्रवाशांना आमची घरं दिसू नयेत म्हणून. मी दादांना हे तंत्रज्ञान समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. रात्री अर्धी पोळी.

अनघा बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मला ऐकू येतं. तिला म्हटलं, गणपतीपर्यंत धीर धर. ती म्हणाली, तुझ्या वेलांना माझ्या बापाचं औषध समजू नकोस.

१५ मे
जेक यांना सगळं कळवलं. सासऱ्यांना भूक नाही, झोप नाही, कशात मन नाही, त्यांना भातात घालून द्यायचं आहे. जेक गहिवरले. म्हणाले, भूक, झोप, मन, तिन्हीवर याच्यासारखं औषध नाही, म्हातारा हसायला लागेल. तोंडलीचे हे गुण आपल्याला माहीत नाहीत, अमेरिकेला माहीत आहेत. हीच आपली शोकांतिका.

मी लिहिलं, चाळीस पाहुणेही जेवायला आहेत. जेक म्हणाले, चाळीस? आधी थोडंथोडंच वाढ, दोन तास थांब, आणि कुणाला गाडी चालवू देऊ नकोस.

पचायला जड असतात हे खरं. आणि आमच्यात गाडी आहे कुणाकडे?

५ जून, सकाळ
फुलं आली! आता कसोटीचा क्षण. जेक यांचा नियम सोपा आहे: कळीपाशी हिरव्या गोट्या दिसल्या की तो नर. उपटा. दया नको, नाहीतर तो सगळं पीक बिघडवतो.

एक सोडून सगळ्या वेलांना गोट्या! प्रत्येक पांढऱ्या फुलाच्या खाली एकेक, हिरवीगार, लांबट. निर्लज्जपणाची कमाल. एकच वेल स्वच्छ. गोटी औषधाला नाही, आणि वाढ तर अशी की छत गाठलंय. तिचं नाव महाराणी ठेवलं.

बाकीचे उपटले. कचरा टाकायच्या नळीतून खाली जाताना सरसर आवाज आला. क्षणभर वाईट वाटलं. पण मॅनेजरला असे निर्णय घ्यावे लागतात.

३ जुलै
महाराणीच्या फांद्या कापून जॅमच्या बाटल्यांत पाण्यात ठेवल्या. सगळ्यांना मुळं फुटली. एकही मेली नाही. पुदिना, पुदिना करणाऱ्यांनी येऊन बघावं.

१० जुलै
इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत घोषणा केली. प्रत्येक घरी महाराणीचा एक क्लोन. गणपतीला सगळ्यांनी आपापली तोंडली घेऊन आमच्याकडे यायचं, एकच मोठा मसालेभात. टाळ्या. मंडळाचा अध्यक्ष शिरीष म्हणाला, खात्री आहे ना? त्याला म्हटलं, वैयक्तिक गॅरंटी. क्लेमेंटीपासून टॅम्पिनीसपर्यंत क्लोन पोचले. मी स्वतः एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, पोचवले. एका आजोबांनी डब्यात मला बसायला जागा दिली, वेलाला जास्त करून.

६ ऑगस्ट
सगळीकडून फोटो येताहेत. फुलंच फुलं. शिरीष विचारतो, तोंडली कधी? उत्तर दिलं, शिरीष, घाई हा सॉफ्टवेअरचा शत्रू आहे.

१३ ऑगस्ट
तोंडली नाहीत. कारण सापडलं: अकराव्या मजल्यावर मधमाश्या येत नाहीत. लेकीचा, ऋचाचा, रंगांचा ब्रश घेऊन एका क्लोनचं फूल दुसऱ्या क्लोनला लावत फिरलो. ऋचाला चित्रकलेच्या तासाला पिवळी पावडर लागलेला ब्रश मिळाला. तिने काही विचारलं नाही. चौदा वर्षांची मुलं फार समजूतदार असतात.

दादा आज म्हणाले, मीठ. दोन आठवड्यांतला पहिला शब्द. तोही कमी पडलं म्हणून की जास्त झालं म्हणून, ते कळलं नाही.

२० ऑगस्ट
जेक यांनी सहज विचारलं, तू कुठल्या राज्यात असतोस? म्हटलं, सिंगापूर.

फोरमवर शुकशुकाट. एकाने लिहिलं, सगळं पुसून टाक भावा, आम्ही प्रार्थना करतो. जेक यांचं खातंच बंद. अमेरिकन लोकांना सिंगापूरच्या उकाड्याची एवढी धास्ती असेल असं वाटलं नव्हतं. मी लिहिलं, काळजी नको, पंखा आहे.

२७ ऑगस्ट, शनिवार
ऋचाने माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिला. तिच्या शाळेत अमली पदार्थांवर व्याख्यान झालं होतं. तिने किंचाळून सांगितलं, बाबा, धिस इज अ गांजा फोरम लाह! यू वाँट टू डाय, इज इट?

पहिल्यापासून वाचलं. मुली. वास. म्हातारा हसायला लागेल. गाडी चालवू देऊ नकोस.

लॅपटॉपची हिस्टरी पुसली. फोनची पुसली. राउटर बंद करून टॉवेलात गुंडाळला. अनघा म्हणाली, टॉवेल कशाला? म्हटलं, गुंडाळलेलाच बरा. इथे या गोष्टीला फाशी आहे. माझ्याकडे तोंडली आहेत. तोंडलीला फाशी नाही. हे स्वतःला वारंवार सांगतोय.

नर ओळखण्याचं ज्ञान मात्र वाया गेलेलं नाही. झाड कुठलंही असो, नर तो नर. शास्त्र सगळीकडे एकच.

३० ऑगस्ट, सकाळी १०
गणवेशातले दोघे जण दारात. मी दार उघडलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं: इट इज ओन्ली व्हेजिटेबल. फॉर राइस. माय फादर-इन-लॉ इज सॅड.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते डासांची तपासणी करायला आले होते. झिका आलाय, घरोघर फिरताहेत. कुठे पाणी साठलंय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण आता त्यांना व्हेजिटेबल बघायचं होतं.

लोखंडी दार उघडलं. जांभळा उजेड. चांदीचा कागद. पंखा. मोगरा. धाकटा अधिकारी एक पाऊल मागे सरला. थोरल्याने एक पान तोडलं, हुंगलं, मग दुसरं, आणि म्हणाला, हे तर आमच्या कुंपणावर असंच उगवतं. मला किंचित अपमान वाटला. मग त्याने टॉर्चने जॅमच्या बाटल्या पाहिल्या. उरलेल्या क्लोनच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आमचं घर दोषी ठरलं. मी त्यांचे मनापासून आभार मानले, हात हातात घेऊन. धाकटा दचकला.

दादा खिडकीतून हे सगळं बघत होते. गाडी गेली तरी मान वळवली नाही.

४ सप्टेंबर
उद्या गणपती. कुणाकडेच तोंडली नाहीत. गुपचूप टेक्काला जाऊन पिशवीभर आणली. हे अपयश नाही. याला तात्पुरती आयात म्हणतात. अनघाने पिशवी पाहिली आणि तोंडली चिरायला घेतली. त्यापेक्षा पुदिन्याचं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

५ सप्टेंबर, सोमवार
आरती झाली, पंगत बसली. मसालेभात आला. दादांनी एक घास घेतला आणि हात ताटातच ठेवला.

तेवढ्यात शिरीष सगळ्यांसमोर म्हणाला, सुबोध, तुझ्या महाराणीचं काय झालं? आमच्याकडे नुसती फुलं. सगळे हसले. माझी प्रतिष्ठा पणाला लागली. मी उभा राहिलो आणि शास्त्रशुद्ध पद्धत समजावून सांगितली: फुलं येताच मी जातीने प्रत्येक वेल तपासला, कळीखाली गोट्या असलेले सगळे नर ओळखून मुळासकट उपटले, आणि एकमेव शुद्ध मादी ठेवली.

दादांनी वर पाहिलं. विचारलं, गोट्या कशा होत्या? मला आनंद झाला, कुणाला तरी शास्त्रात रस आहे. म्हटलं, हिरव्या. लांबट होत्या का? हो, लांबटच. त्यांच्यावर फिकट रेघा होत्या? होत्या! तुम्हाला कसं कळलं दादा?

दादांनी ताटातलं एक तोंडलं उचलून माझ्यासमोर धरलं. म्हणाले, अहो सुबोधराव, अशा?

मी ते तोंडलं हातात घेऊन फिरवून पाहिलं: हिरवं, लांबट, फिकट रेघांचं.

मग दादा म्हणाले, म्हणजे अख्ख्या सिंगापुरात घरोघर वरपक्ष वाटून आलात, आणि वधू सगळ्या कचऱ्यात! आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते. मग आवाज फुटला. डोळ्यांतून पाणी, खोकला, पुन्हा हसू. अनघा स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं रडताहेत. ब्रशचं ऋचाने सांगितलं. मग तर त्यांना धरून बसवावं लागलं. म्हणाले, नवरदेवांचं नवरदेवांशी लग्न लावत होता हा ब्रशने, आमची ही असती तर, आमची ही असती तर. पुढचं वाक्य पुरं झालं नाही. पण त्यांनी ताट पुढे केलं आणि भात मागितला. पुन्हा एकदा मागितला. अनघा वाढत होती, डावा हात तोंडावर घट्ट धरून.

मला फार लागलं. चाळीस माणसांसमोर. कुणीतरी म्हणायला हवं होतं की क्लोनिंग तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के यशस्वी झालं. कुणीही म्हटलं नाही.

११ सप्टेंबर, रविवार
महाराणीला, म्हणजे महाराजांना, रजा दिली. बॉम्ब शेल्टरमध्ये परत बॅगा आणि तांदूळ.

दादा रोज संध्याकाळी फोन लावतात. संगमनेरचे शेजारी झाले, धुळ्याच्या आत्या झाल्या, आज शाळेतले जुने मित्र. आधी नुसता हूं-हूं करणारा माणूस तास-तास बोलतो. माझ्या तोंडलीची गोष्ट रंगवून सांगतात. उपटण्यापर्यंत आले की थांबतात, हसू आवरत नाही, स्पीकर चालू करतात आणि मला हाक मारतात. अनघा दारातून बघत असते. आजही हाक मारली. म्हणाले, सुबोधराव, पुढचं तुम्ही सांगा.

सांगितलं.